बहात्तर नंबरच्या मुली

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये मी त्या शाळेत रुजू झाले. तेवीस वर्षांची होते. गणित घेऊन बी.एस्सी., मग बी.एड., आणि मग नगरला घरी बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघणं. घोडेगावच्या पुढं आत तीन-चार मैलांवरच्या एका गावात हायस्कूल होतं, तिथं आठवी ते अकरावीला गणित शिकवायची नोकरी लागली. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायचं. शाळा पत्र्याची, पुढं मोठं पटांगण, कडेला दोन लिंब. माझ्याआधी तिथं बाई म्हणून कुणी शिकवायला आलेलं नव्हतं, त्यामुळं पहिले पंधरा दिवस मुलं मला "सर" म्हणत होती आणि जीभ चावत होती.

अकरावीत गणिताचे दोन गट होते. बीजगणित-भूमिती घेणारे माझ्याकडं आणि सामान्य गणित घेणारे दुसऱ्या सरांकडं. माझ्या गटात वीसेक मुलं आणि तीन मुली. तिघी खिडकीजवळच्या एका बाकावर दाटीनं बसायच्या. त्यातल्या एकीबद्दल मला सांगायचं आहे. तिचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. घरची थोडी कोरडवाहू जमीन होती. पोरगी उंच, सावळी, बोलायला थोडी फटकळ. तिच्या कंपासचा एक पाय तुटलेला होता, तो तिनं दोऱ्यानं बांधला होता, आणि त्या तसल्या कंपासनं ती माझ्यापेक्षा चांगलं वर्तुळ काढायची.

एकदा मी फळ्यावर एक प्रमेय सिद्ध करत होते. निम्म्यात आले तोवर मागून आवाज आला, "बाई, एवढ्या लांबनं कशाला जायचं? इथनंच समांतर रेघ काढली की झालं." मी खडू खाली ठेवला आणि तिला फळ्यापाशी बोलावलं. तिनं चार ओळींत ते सिद्ध करून दाखवलं. पुस्तकात ती रीत नव्हती. मुलं हसायची थांबली. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी ती रीत पुन्हा पुन्हा तपासली. बरोबर होती. त्या दिवसापासून मी मनाशी धरून चालले की ही मुलगी सायन्सला जाणार.

दिवाळीनंतर बोर्डाचे फॉर्म आले. शाळेत कारकून एकच, त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. पन्नाशीचे, सडपातळ, चष्म्याची एक काडी तारेनं जोडलेली. माणूस वाईट मुळीच नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज ते लिहून द्यायचे, पोरांना जुनी पुस्तकं मिळवून द्यायचे, कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते त्यांना ठाऊक असायचं. मी आल्यावर खोली त्यांनीच बघून दिली होती. तर ते एक दिवस स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. यंदा फॉर्म तुम्हीच भरा. माझं अक्षर वाचता येत नाही म्हणून बोर्डाकडनं दरवर्षी पत्र येतं."

मला बरंच वाटलं. नवीन माणसाला असं काम सांगितलं की आपण शाळेतले झालो असं वाटतं.

फॉर्मवर मुलांनी आधीच सह्या केलेल्या होत्या. भाऊसाहेबांनी रांगेत उभं करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, कोऱ्या फॉर्मवर. मग एक कच्ची यादी माझ्यापुढं ठेवली. नावं, जन्मतारखा आणि प्रत्येक नावापुढं आकड्यांची एक ओळ. विषयांची नावं फॉर्मवर लिहायची नव्हती, नुसते आकडे. प्रत्येक विषयाला बोर्डानं दिलेला सांकेतिक क्रमांक. मी विचारलं, "भाऊसाहेब, हे कोणते आकडे कशाचे?"

"ते बोर्डाचं असतं, बाई. तुम्ही फक्त आकडा आकड्याखाली येईल एवढं बघा."

मी पुन्हा विचारलं नाही. आज इतक्या वर्षांनी ह्या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त धक्का बसतो. मी गणिताची पदवीधर, आकड्यांवर पोट भरणारी बाई, आणि पन्नासेक मुलांच्या नावापुढं मी आकडे लिहीत गेले, त्यांचा अर्थ माहीत नसताना. युद्धाचे दिवस होते. हेडसरांच्या टेबलावर ट्रान्झिस्टर चालू असायचा, सगळ्यांचे कान तिकडं. मी मान खाली घालून निळ्या शाईनं सुबक आकडे काढत होते. शेवटचा फॉर्म झाल्यावर भाऊसाहेबांनी सगळा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "वा! छापल्यासारखं दिसतंय."

फेब्रुवारी संपत आला तेव्हा प्रवेशपत्रं आली. दुपारच्या सुट्टीत भाऊसाहेबांनी वाटली. मी पटांगणात लिंबाखाली दुसऱ्या तुकडीच्या वह्या तपासत बसले होते. ती मुलगी आली आणि शेजारी उभी राहिली. हातात प्रवेशपत्र आणि भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकाची तिनं करून घेतलेली नक्कल.

"बाई, माझं काय तरी चुकतंय बघा."

"काय गं?"

"पोरान्ला गणिताचे दोन पेपर हायेत. एक बीजगणिताचा, एक भूमितीचा, दोन दिशी. मी माझा नंबर लावून बघते तर मला एकच पेपर येतोय. भूमिती कुठंच येत न्हाई."

मी हसले. म्हटलं, तू घाईत बघितलं असशील. वेळापत्रकावर दिवसापुढं विषयाचं नाव आणि त्याचा क्रमांक असं दोन्ही छापलेलं होतं. बीजगणित-भूमितीपुढं एकाहत्तर. तिच्या प्रवेशपत्रावर बघितलं तर बहात्तर. बहात्तरपुढं वेळापत्रकात लिहिलं होतं, सामान्य गणित. एकच पेपर.

"छपाईची चूक असेल," मी म्हटलं. "बाकीच्या दोघींची प्रवेशपत्रं आण."

ती पळत गेली, दोघींना घेऊनच आली. बहात्तर. बहात्तर. मग मी दोन मुलांना हाक मारली, जे वर्गात तिच्या मागं बसायचे आणि तिच्याच वहीतून गणितं उतरवायचे. एकाहत्तर. एकाहत्तर.

तोवर मला वाटत होतं की बोर्डानं घोटाळा केला. मी तिला म्हटलं, "घाबरू नको, आपल्या फॉर्मची प्रत ऑफिसात आहे, ती दाखवली की दुरुस्त होईल." आणि तशीच ऑफिसात गेले. भाऊसाहेब जेवायला गेले होते. कपाटाला कुलूप नसायचं. शाळेकडं राहिलेल्या प्रतींचा गठ्ठा मी काढला, तिचा फॉर्म शोधला.

निळ्या शाईत, सुबक, छापल्यासारखं, माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: बहात्तर.

मी भाऊसाहेबांच्याच खुर्चीत बसले. ती मुलगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, टेबलावरच्या कागदाकडं बघितलं. माझं अक्षर तिला दुरूनही ओळखू येत होतं. वर्षभर फळ्यावर तेच बघत होती. ती तशीच वळली आणि गेली.

भाऊसाहेब परत आले ते सुपारी चघळत. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्मा नीट केला, बघितलं आणि अगदी शांतपणे मला समजावून सांगायला लागले, जसं मी वर्गात समजावते तसं. "बाई, सातानं सुरू होणारे सगळे गणिताचे. पहिला आकडा विषयाचा. दुसरा आकडा त्यातल्या प्रकाराचा. एकाहत्तर म्हणजे बीजगणित-भूमिती, बहात्तर म्हणजे सामान्य. इंग्रजीचंही तसंच, शास्त्राचंही तसंच. सोपं आहे."

"मला ते कळलं. पण ह्या तिघी माझ्या वर्गात बसतात. एकाहत्तरच्या वर्गात!"

"बसतात ना. बसू देतोच आपण. शिकल्यानं काही बिघडत नाही."

"मग फॉर्मवर बहात्तर का?"

त्यांना खरोखरच माझ्या प्रश्नाचं नवल वाटत होतं. "मुली आहेत ना बाई त्या," ते म्हणाले. "भूमितीत नापास झाल्या तर मॅट्रिक गेलं. मग घरचे पुन्हा बसवत नाहीत. सामान्य गणितात पोरगी निघून जाते. मॅट्रिक पास मुलगी म्हटलं की स्थळ चांगलं येतं. कुठं कॉलेजात सायन्सला जायचंय त्यांना? आपण पहिल्यापासून मुलींना बहात्तरच टाकतो."

"पहिल्यापासून?"

त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्याकडं बोट केलं. मागच्या वर्षांचे गठ्ठे तिथं होते, सुतळीनं बांधलेले. मी एकेक सोडत गेले. शाळेतून मॅट्रिकला बसलेली प्रत्येक मुलगी. भाऊसाहेबांच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात, प्रत्येकीच्या नावापुढं तोच आकडा. आणि तीन वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात एक आडनाव मला ओळखीचं दिसलं. वडिलांचं नावही तेच. माझ्या त्या विद्यार्थिनीची थोरली बहीण होती ती. तिच्याबद्दल धाकटी मला एकदा बोलली होती. थोरलीला नगरला सायन्सला घालायला वडील घेऊन गेले होते, पण कॉलेजनं घेतलं नाही. "तिला मार्क कमी पडले," असं ती म्हणाली होती. मग लग्न करून तिला सुप्याला दिली होती.

तिच्या नावापुढंही बहात्तर होतं.

मी हेडसरांकडं गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आहात. शाळेचा निकाल खाली आला तर अनुदानाला अडचण येते, हे तुम्हाला माहीत नाही. आणि एका आकड्यावरून एवढं?"

"सर, ह्या आकड्यावर सायन्सचं दार बंद होतं."

"त्या मुलीच्या वडिलांनी तक्रार केली आहे का?"

"त्यांना माहीतच नाही."

"मग झालं तर," हेडसर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. मी रजा टाकली आणि चालत घोडेगावला गेले. बाजारात बाईमाणूस म्हणजे भाजीपाल्याच्या बाजूला; बैलांच्या बाजूला सगळे पुरुष. धूळ, शेणाचा वास, शिंगांना लावलेला रंग. मी विचारत विचारत गेले तेव्हा ते एका बैलाशेजारी उभे होते, हात उपरण्याखाली, समोरच्या माणसाच्या हातात हात. बोटांनी भाव चालला होता. मला बघून त्यांनी हात सोडला.

"बाई? तुमी हितं? पोरीला काय झालं का?"

"पोरगी बरी आहे, मामा. जरा बाजूला येता?"

आम्ही एका उभ्या बैलगाडीच्या आडोशाला थांबलो. पोरगी घरी काहीच बोलली नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी सगळं सांगितलं. आकडे, फॉर्म, एकाहत्तर, बहात्तर. मला वाटत होतं, त्यांना हे समजावून सांगायला वेळ लागेल. ते एकदाच म्हणाले, "म्हंजी सातबाऱ्यावानी. सर्व्हे नंबर त्योच, पोटहिस्सा दुसरा. कागदावर हिस्सा बदलला की कसनाऱ्याचं काय बी ऱ्हात न्हाई."

"होय. अगदी तसंच."

"कुणी लिवलं?"

"मी," मी म्हटलं. "यादी दुसऱ्याची होती. पण लिहिलं मी. न विचारता."

ते माझ्याकडं बघत राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याची मी वाटभर धास्ती घेतली होती, तरी तो आल्यावर मी दचकलेच.

"थोरलीच्या येळंला बी ह्योच आकडा व्हता का?"

"होय, मामा. मी काल कागद बघितला."

त्यांनी गाडीच्या चाकाला हात लावला आणि हळूहळू खाली, मातीतच बसले. त्यांच्या मागं बाजाराचा गलका चालूच होता, कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. ते म्हणाले, "कालेजातला कारकून म्हनला, बसत न्हाई. मी म्हनलं, काय बसत न्हाई? त्यो म्हनला, पोरगी बसत न्हाई ह्याच्यात. मला वाटलं, पोरगी कमी पडली." चाकाची धाव ते बोटानं खरवडत होते. "यष्टीत येताना मी तिला लई बोललो हुतो, बाई. नगरपास्नं घोडेगावपतुर बोलत आलो. तिनं खिडकीतनं तोंड आत घेतलं न्हाई."

मी त्यांच्याशेजारी उभी होते. शेवटी तेच उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "धाकटीचं काय करता येतंय, त्ये सांगा."

बाकीच्या दोघींचंही सांगते. एकीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले होते, घरात चुलता होता. तो म्हणाला, पास होतीय ना, मग कशाला उलथापालथ? मी दोनदा गेले, त्यानं दार लावून घेतलं नाही एवढंच. दुसरी मुलगी स्वतःच मला म्हणाली, "बाई, मला तसंच ऱ्हाऊ द्या. मला भूमितीचं भ्याच वाटतंय." तिला मी जोर केला नाही. तिला विचारलं तरी गेलं, असं मी तेव्हा मनाला समजावलं.

दलालमामा शाळेत आले, धुतलेलं धोतर नेसून. हेडसरांच्या पुढ्यात बसले. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "सर, मला अडान्याला एकदा समजून सांगा, माज्या पोरीला तुमी न इचारता कुठल्या हिश्श्यात टाकलं ते." हेडसरांनी पाण्याचा तांब्या मागवला. मग भाऊसाहेबांना बोलावलं, अर्ध्या तासात बोर्डाच्या नावानं पत्र तयार झालं आणि पाकीट बंद होऊन माझ्या हातात पडलं. इतक्या लवकर काम झालं याचं मला आश्चर्य वाटलं. तेव्हा मी पाकिटातलं पत्र बघायला मागायला हवं होतं. पुन्हा एकदा मी विचारलं नाही.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. मी, मामा आणि ती. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. नगरला गाडी बदलली. सुप्याला गाडी थांबली तेव्हा मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले, थोरलीचं घर स्टँडपासून जवळच होतं. ते उतरले नाहीत. परतीच्या वेळी उतरू, म्हणाले.

बोर्डाच्या कचेरीत एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत असं करत आम्ही एका अधिकाऱ्यांपर्यंत पोचलो. वयस्कर गृहस्थ, बोलायला नेमस्त. त्यांनी आधी आमच्या शाळेचा कागद काढायला लावला. बघितला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेतल्या मुली दरवर्षी सामान्य गणितच घेतात. आम्ही तसंच धरून चाललो होतो. कधी कुणाची तक्रार नाही." मग त्यांनी समजावलं की आकड्यांवरूनच केंद्रावर प्रश्नपत्रिकांची पाकिटं जातात, एकाहत्तरच्या किती, बहात्तरच्या किती. मुदत संपली होती. तरीही लिहिताना झालेली चूक असेल तर ती अजून दुरुस्त होऊ शकते, असं ते म्हणाले आणि त्यांनी आमचं पाकीट फोडलं. मोठ्यानं वाचायची त्यांना सवय असावी.

"'सदर विद्यार्थिनीच्या आवेदनपत्रात गणित विषयाचा क्रमांक नवनियुक्त शिक्षिकेच्या नजरचुकीने चुकीचा लिहिला गेला असून, संबंधित शिक्षिकेस लेखी समज देण्यात येत आहे.'"

मी ऐकत होते आणि ते माझ्याबद्दल आहे हे मला कळायला क्षणभर लागलं. नजरचूक! वर्षानुवर्षांचे ते गठ्ठे, त्या सगळ्या मुली, आणि कागदावर उरली ती फक्त माझी नजरचूक.

मामा एकदम म्हणाले, "सायेब, हे खोटं हाय."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "खोटं आहे? चूक नसेल आणि शाळेनं जाणूनबुजून लिहिलं असेल, तर तो वेगळा विषय. चौकशी लागेल. त्यात परीक्षा निघून जाईल." त्यांनी पत्र माझ्याकडं सरकवलं. "चूकच असेल तर बाईंनी इथं खाली सही करायची. मग मी आजच केंद्राला कळवतो."

ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती. आठवड्यात पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. हळूच म्हणाली, "बाई, नका करू. तुमची नोकरी नवी हाय."

मी सही केली. ह्यात काही मोठेपणा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. अर्धी गोष्ट खरीच होती, आकडा माझ्या हातानं लिहिलेला होता. आणि उरलेली अर्धी उघड करायची तर ह्या मुलीचं वर्ष गेलं असतं. पण त्या सहीनं बाकीच्या सगळ्या मुलींची गोष्ट कायमची बंद झाली, हेही मला सही करतानाच कळत होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर त्या कागदावर आहे.

तिनं दोन्ही पेपर दिले. जूनमध्ये निकाल लागला, ती पास झाली, गणितात चांगलीच. मामांनी तिला नगरला सायन्सला घातलं. पुढं दुष्काळात मामांची बैलांची दलाली बसली, तरी त्यांनी तिला काढलं नाही. पहिल्याच वर्षी ती रसायनशास्त्रात नापास झाली, पुन्हा बसली, निघाली. नंतर ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि नोकरी पुरी करून निवृत्त झाली. माझ्या सर्व्हिस बुकात ती लेखी समज राहिली. शाळेतले फॉर्म मात्र त्यानंतर मीच भरत असे, आणि आठवीतच, गट निवडायच्या आधी, मी मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावून सगळे क्रमांक फळ्यावर लिहून समजावून सांगत असे. हेडसरांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यांच्याच पत्रात नजरचूक लिहिल्यावर हरकत घ्यायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं.

पण त्या उन्हाळ्यात जे घडलं ते मला अजून जागच्या जागी आठवतं. निकालानंतरचे दिवस होते, शाळा अजून उघडायची होती. शाळेत मी, भाऊसाहेब आणि शिपाई, एवढेच. पटांगणातून एक बाई येताना दिसली. कडेवर वर्षाचं मूल, डोक्यावरून पदर. जवळ आल्यावर मी तो चेहरा ओळखला, धाकटीचाच चेहरा, फक्त थकलेला. ती थोरली होती. सुप्याहून आली होती.

"बाई, बापानं मला सांगितलं," ती म्हणाली. "मी भाकरी थापत हुते. पुण्याहनं येताना यष्टीतनं उतरून सरळ चुलीपशी आला आन् म्हनला, पोरी, तुजं काय चुकलं नव्हतं. आन् बापई मानूस असून रडाया लागला. मला कायच कळंना. मला त्यो कागद दावा."

मी तिला स्टाफरूममध्ये बसवलं आणि तो कागद आणला. तिनं मूल मांडीवर घेतलं, कागद जवळ धरला आणि आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पेपरच्या दिशी मी इचारलं हुतं. म्हनलं, भूमितीचा पेपर कवा? तर म्हनले, पोरींस्नी एकच पेपर असतोय. मी म्हनलं, असंल."

मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, अजून बसता येतं. बाहेरून, एका विषयाला. मी चौकशी करते. मी शिकवते."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "आता दुसरं व्हनार हाय मला, बाई," ती म्हणाली. "सासू वाट बघत आसंल. तुमी म्हनलात, बरं वाटलं."

ती उठली. जाताना ऑफिसच्या दारापाशी थांबली. आत भाऊसाहेब दाखले लिहीत बसले होते. तिला बघून ते ओळखीचं हसले आणि मग त्यांचं हसू मावळलं. ते खुर्चीतून उभे राहिले. हेडसर आल्यावरसुद्धा ते सावकाश उठायचे, पण त्या दिवशी झटकन उठले.

ती म्हणाली, "भाऊसाहेब, सहामाहीला भूमितीत शाळेत पयला नंबर माजा आल्ता. निकालपत्रावर तुमीच लिवलं हुतं."

एवढंच. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पटांगण ओलांडून ती गेली. भाऊसाहेब तसेच उभे होते. टाक त्यांच्या हातातच होता, आणि एका कोऱ्या दाखल्यावर शाईचा मोठा डाग पडलेला होता. मी आत गेले नाही. शिपायानं पाणी नेऊन दिलं, तेही त्यांनी घेतलं नाही.